अंतराय

आमच्या मंगळवार पेठेत प्रियदर्शनीचं नाव निघालं की बायका लगेच मान डोलावतात. नोकरी, घर, देवधर्म, अभ्यास, सगळं कसं सांभाळते बघा. मला या कौतुकाचा रागच येतो. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, तेव्हा हे सांभाळणं रोज कानानं ऐकते. उजाडायच्या आत खुर्ची सरकते ती अभ्यासासाठी. मग आंघोळ, बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, देवदर्शन, डबे, पोरीची वेणी, आणि धावतपळत बिद्रीची एसटी. तिथल्या बाजूच्या एका साखर कारखान्यात ती उसाचा रस तपासते. त्याच रसावर तिनं पीएचडी करायला घेतली होती आणि रेटत रेटत शेवटाला आणली होती.

या सगळ्या गडबडीत भिंतीपलीकडून येत नसे तो फक्त आदिश्रीचा आवाज. पोर पहिलीत. आई अभ्यास करतेय, हळू बोल. आज्जी जप करतेय, गप बस. हेच ऐकत ती वाढली. पेठेत तिला सगळे शहाणी म्हणायचे.

या चातुर्मासात बस्तीत एक दिगंबर मुनी महाराज मुक्कामाला होते. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच. घासात केस निघाला किंवा कुणाचं रडणं कानावर पडलं तर ओंजळ सोडून देतात. त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. शिवाय निघताना मनात एक खूण धरतात, ती ज्या दारी दिसेल तिथंच थांबायचं, आणि ती कुणाला सांगत नाहीत. प्रियदर्शनीच्या सासूनं, रत्नाबाईंनी, हे मला इतक्यांदा ऐकवलं की मी जैन नसूनही मला पाठ झालं. एके दिवशी एका घरी केस निघाला. दुसऱ्या दिवशी कुठंच खूण जुळली नाही, महाराज तसेच उपाशी परतले. सगळ्या पेठेचा जीव टांगणीला लागला होता.

आणि नेमकी तिसऱ्या दिवशी दुपारी प्रियदर्शनीची विद्यापीठात तोंडी परीक्षा. परीक्षक थेट नागपूरहून आलेले.

"आई, तारीख काय माझ्या हातात हाय व्हय?" ती सासूला म्हणाली.

"आणि महाराजांचं माझ्या हातात हाय?" रत्नाबाई म्हणाल्या. "गुडघे गेले माझे. पुढच्या साली मी दारात उभी ऱ्हातो का न्हाय कुणाला ठाऊक. आज थांबले तर थांबले."

धुतलेली सोवळ्याची साडी नेसून प्रियदर्शनीनं दूध तापवलं, भाकरी केल्या, फळं चिरली, आणि आदिश्रीला मागच्या परसात माडीच्या जिन्यावर बसवलं. "आज मुळीच रडायचं न्हाय हं. आवाज काढलास तर महाराज उपाशी ऱ्हातील." मला पुढच्या दारात उभं केलं, गल्लीतली कुत्री हाकलायला. त्या कामाला माझ्याइतकं लायक कुणी नाही हे मलाही मान्य आहे.

महाराज आले आणि थांबले. प्रियदर्शनीच्याच दारात. श्रेयसनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कलश घेऊन महाराजांना प्रदक्षिणा घातल्या. रत्नाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पाय धुतले, पूजा झाली, आणि आहार सुरू झाला. आमची घरं सरळ लांब, पुढच्या दारातून थेट परस दिसतं. श्रेयस नि रत्नाबाई परसाकडं पाठ करून उभे होते. प्रियदर्शनीचं तोंड तिकडं होतं. महाराजांनी चारदोन घास घेतले असतील, तेवढ्यात मागं काहीतरी धपकन पडलं. मला वाटलं मांजर.

प्रियदर्शनीची पळी हवेत थांबली. मी तिच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. आदिश्री जिन्याखाली बसली होती. डावा हात कोपराखाली भलताच वाकडा झालेला. तोंडात फ्रॉकचं टोक कोंबलेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण आवाज म्हणून नाही. आईची नजर आपल्यावर पडलेली बघून तिनं मान हलवली. येऊ नको.

मी सोवळ्यात नव्हते, मला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, परसाला दुसरी वाट नव्हती, आणि ओरडले असते तर पोरीचं सगळं सोसणं मीच मातीत घातलं असतं.

"दूध दे," रत्नाबाई पुटपुटल्या.

प्रियदर्शनीनं एक पळी दूध ओंजळीत वाढलं. मग आणखी एक. तिची अडचण मला कळत होती. पडलेलं पोर एकटं असलं तर कसंबसं धरून ठेवतं, आई जवळ आली की बांध फुटतो. ती गेली की पोर रडणार, आणि दोन दिवस अन्नाविना राहिलेले महाराज ओंजळ सोडणार. पण तिसरी पळी भरताना मात्र मला तिचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

ती पळी तिनं वाढलीच नाही. भांडं खाली ठेवलं आणि ती परसात गेली.

पोरीजवळ बसली, तिचा खांदा धरला. तरी आदिश्री रडली नाही. फ्रॉक तोंडातून काढून तिनं हळूच विचारलं, "झालं महाराजांचं?"

"रड," प्रियदर्शनी म्हणाली.

पोरीनं पुन्हा मान हलवली.

"रड बाळा. मोठ्यानं रड."

मग ती रडली. घर दणाणून सोडलं तिनं. महाराजांची ओंजळ सुटली, दूध पाटावर सांडलं. ते हात धुऊन शांतपणे बाहेर पडले. श्रेयस परसात धावला. तेवढ्यात आतल्या खोलीत प्रियदर्शनीचा फोन वाजायला लागला, विद्यापीठाचाच असणार. "सरांना सांगा, आज मी येत न्हाय," ती श्रेयसला म्हणाली, "आणि गाडी काढा."

रत्नाबाई दाराला धरून उभ्या होत्या. "प्रिया, काय केलंस गं हे?"

आदिश्रीला वाटलं, बोलणी आपल्यालाच बसतायत. ती हुंदके देत म्हणाली, "आज्जी, मी आपणहून न्हाय रडलो. आईनं सांगितलं म्हणून रडलो."

"व्हय," प्रियदर्शनी म्हणाली. "तिला सगळं मीच सांगितलं."