जावयाची कॅसेट आणि सप्त्याचा सेट

दुरुस्तीला घेतलेली एकच वस्तू माझ्या हातून कायमची बिघडली, आणि ती मुळात चांगली होती. बाकी मी चौथी नापास असलो (मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, चूक मास्तरांची) तरी लाउडस्पीकरच्या धंद्यात सेलूच्या आसपास माझ्या कानाला तोड नव्हती. लग्न असो, बारसं असो, माझ्या सेटचा आवाज कधी फाटला नाही. हे मी सगळ्यांना सांगायचो. न विचारता सांगायचो.

धोंड्याचा महिना होता. विद्यापीठाच्या नामांतराचा तो काळ, औरंगाबादची एसटी निघेल का नाही याचा नेम नसायचा, म्हणून जावई रेल्वेनं सेलूला उतरून गावात आले. आमच्या शोभाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. आणि दुसऱ्याच दिवशी मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा होता, त्याला सेट माझा. सप्त्याचे अध्यक्ष तोंडावर बोलून गेले होते, "आबा, औंदा आवाजात खोट निघाली तर पुढचा सेट जिंतूरहून आणू." मी नुसता हसलो होतो.

दुपारी धोंडे खाऊन झाल्यावर जावयांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. "मामा, ही तुमच्या मोठ्या सेटवर ऐकायचीय."

माझी छाती फुगली. घरात सेटची कदर करणारा हा पहिलाच माणूस. कॅसेटवर चार पोरांचा फोटो होता. केस विस्कटलेले, चौकडीचे मळके सदरे, गुडघ्यावर फाटलेल्या विजारी.

आमच्या मंडळींनी फोटो निरखून बघितला. "अवो, ह्यायच्या आया कुठं गेल्यात?"

मी बटण दाबलं. आधी शिट्टी वाजली. मग पत्र्याच्या डब्यात खडी भरून तो कुणी बैलगाडीला बांधावा, तसा आवाज सुरू झाला. त्यातून एक माणूस दाढ दुखत असल्यासारखा ओरडत होता. मी झटकन बंद केलं. माझा सेट फाटला, आणि तोही जावयासमोर!

"राहू द्या की मामा. लय भारी वाजायलाय."

आता धोंड्याला आलेला जावई सासऱ्याची उणीव कधी बोलून दाखवतो का? चहात मीठ पडलं तरी तो 'छान झालाय' म्हणतो. पोरगा माझी अब्रू झाकत होता. मला भरून आलं. अशा जावयाला फाटका आवाज ऐकवायचा?

"जरा धूळ बसली आसंल, जावईबापू," म्हणून मी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा खडी.

"मामा, तो आवाज तसाच हाय."

"तेच म्हणायलोय मी, तसाच हाय. थांबा जरा."

मी वायरी बदलल्या. मशीन उघडून शिशाचे सगळे टाके नव्यानं मारले. दर वेळी जावई म्हणायचे, "एक नंबर, मामा," आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी खोटं बोलून दमले असावेत, कारण लोडाला टेकल्या टेकल्या त्यांना झोप लागली.

मंडळी म्हणाल्या, "अवो, एखादी भजनाची कॅसेट लावून बघा की."

"तू पुरणाचं बघ. मशीनीतलं तुला काय कळतंय?"

(तिथंच उलगडा झाला असता. पण बायकोच्या सांगण्यावरून झालेला उलगडा मी धरत नाही.)

मी बॉक्सचा स्पीकर बाहेर काढला. त्याचा काळा कागद उजेडात धरून बघितला. चीर कुठं दिसेना. चीर दिसत नाही म्हणजे ती आतून असणार, असा मी हिशेब केला आणि पेचकस आत घातला. आता चीर दिसली. पतंगाचा कागद गव्हाच्या खळीनं चिकटवायला गेलो, तर शेजारी आणखी दोन दिसल्या.

तेवढ्यात जावई जागे झाले. "मामा, हे काय केलंत?"

"तुमी बोलला न्हाईत, पर मला कळत हुतं. आवाज फाटलेला हाय."

"फाटलेला न्हाई मामा, फाडलेला हाय. त्या पोरांनीच."

मग त्यांनी मला सगळी वंशावळ सांगितली. अमेरिकेच्या एका कोपऱ्यात पाऊस लय. तिथली पोरं घराच्या गोदामात बसून वाजवायला लागली. आधीच्या एका ताफ्याकडून जड, संथ चाल उचलली. दुसऱ्या ताफ्याकडून घाई आणि संताप उचलला.

"म्हंजे दोन घराण्यांची सोयरीक," मी म्हणालो.

"बरोबर. आन् आवाज फाडायची रीत तर त्याच्याबी आधीची. तवाचे काही गिटारवाले स्पीकरच्या कागदाला ब्लेडनं चिरा पाडायचे."

मी हातातला पेचकस हळूच धोतराखाली सारला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आन् त्यायला कुणी मारलं न्हाई?"

जावई म्हणाले, सेलूला जाऊन नवा स्पीकर आणू. पण मी दुरुस्त केलेला स्पीकर बदलायचा म्हणजे मी चुकलो असं गावाला सांगण्यासारखं. "खळ वाळू द्या," मी म्हणालो, "पहिल्यापेक्षा चांगला वाजतो का न्हाई बघा."

दुसऱ्या दिवशी देवळात महाराज कीर्तनाला उभे राहिले, माइकसमोर आले आणि पहिलाच विठ्ठल खडीच्या डब्यातून बाहेर पडला. महाराज थांबले. गळ्याला हात लावला, कोमट पाणी मागितलं, दोन घोट घेऊन पुन्हा सुरू केलं. आता खडीबरोबर शिट्टीही आली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानावर पदर घेतले. अध्यक्ष उठले आणि माझ्याकडे न बघता एका माणसाला जिंतूरच्या गाडीची वेळ विचारू लागले.

मी आधारासाठी मागं वळून बघितलं. खांबाला टेकून एक जण डोळे मिटून मान हलवत होता, मांडीवर ठेका धरत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. माझ्या कारागिरीला भर मांडवात दाद देणारा तेवढा एकच रसिक निघाला, आणि त्यालाही मी मुलगी देऊन बसलो होतो.