चोविसाव्या हिश्श्याची धूळ

कोहमाऱ्याच्या फाट्यावर दुधरामचं घर रस्त्याला इतकं लागून होतं की रायपूरकडे ट्रक निघाला की मांडणीवरची भांडी वाजत. भांड्यांच्या आवाजावरून गाडी भरलेली आहे की रिकामी, हे दुधराम आतल्या खोलीतून सांगे. त्याला कोणी विचारलेलं नसे.

घर कोहळ्यांचं. कोहळी म्हणजे तलाव बांधणारे. दुधरामचा आजा केशोराव तर बांधायच्या आधी अख्खा तलाव अंगणात मातीचा करून पाही. माप ठरलेलं असे, हाताला बोट. चोवीस बोटांचा एक हात, म्हणून खऱ्या तलावाच्या एका हाताला अंगणात एक बोट. मग वरच्या अंगाने तांब्याने पाणी सोडायचं आणि पाळ कुठे फुटते ते बघत बसायचं. जिथे फुटेल तिथे खऱ्या पाळीवर दुप्पट माती. केशोराव गेला, तलाव राहिले, अंगणातला खड्डाही बराच काळ राहिला. त्यात कोंबड्या अंग घोळवत.

दुधराम तलावाच्या वाटेने गेला नाही. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी गोंदियाच्या रामलाल सेठने फौजेने लिलावात काढलेला एक ट्रक घेतला, मागे जोडायच्या ट्रेलरसकट, आणि दुधराम त्यावर ड्रायव्हर म्हणून चढला. क्लीनर होता कामठ्याचा श्यामलाल. जंगलातून लाकडाचे ओंडके भरायचे आणि गोंदियाच्या स्टेशनाबाहेर उतरवायचे, असं दोघांनी बरीच वर्षं केलं. गाडीचा डावा दिवा आंधळा होता. उजव्या दाराला कडी नव्हती, तिथे सुतळी बांधलेली असे. चढावर ती खोकायची आणि उतारावर गप्प व्हायची, म्हणून दुधरामला उतार आवडत नसत.

पुढे एकदा चाक बदलताना जॅक सरकला आणि दुधरामचा डावा गुडघा गेला. तो पाय क्लच दाबीना. त्याने घरची जमीन आधीच बटईने दिली होती, बैलजोडीही तेव्हाच गेली होती. तो फाट्यावर टेकचंदच्या हॉटेलाशेजारी पंक्चर काढायला बसला. वर्षभराने सेठने ट्रकही नागपूरच्या भंगारवाल्याला देऊन टाकला. रामलाल सेठच्या पेढीवर सेठचा फोटो होता, सेठाणीचा होता, तांदळाच्या गिरणीचा तर दोन बाजूंनी काढलेला होता. ट्रकचा फोटो काढावा असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

तेव्हा दुधरामने शिवणीचं लाकूड आणलं. पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी गावात ज्या लाकडाचे बैल करतात, तेच. माप आज्याचंच, हाताला बोट. समोर बघून करायला गाडी नव्हती. पण ज्या बाकावर आपण इतकी वर्षं बसलो त्याची रुंदी ढुंगणाला पाठ असते, असं त्याचं म्हणणं होतं. चाकांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, ताडपत्रीला जुन्या धोतराचा तुकडा हिरड्यात बुडवून काळा केला. एका दिव्याला काच बसवली, दुसऱ्याला नाही.

त्याला ती लाकडी गाडी विकायची नव्हती, कोणाला बक्षीसही द्यायची नव्हती. श्यामलालने ती पाहावी आणि न सांगता ओळखावी, एवढंच त्याला हवं होतं. श्यामलाल आता दुसऱ्या मालकाचा ट्रक चालवी आणि जाता-येता फाट्यावर थांबे. खरी गाडी बारीकसारीक खोडींसकट दोघांनाच ठाऊक होती. त्यातल्या एकाला ओळखता येत नसेल, तर आपल्याला ती आठवते असं दुसऱ्याने कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पहिली गाडी श्यामलालने हातात घेतली, उलटी केली, बूड पाहिलं. कोणत्याही गाडीजवळ गेलं की आधी खाली वाकायचं, ही त्याची क्लीनरपणापासूनची सवय होती. मग ती सुलटी करून त्याने चांगलं खेळणं झालं असल्याचं सांगितलं आणि चहा मागवला.

दुधरामने पुन्हा लाकूड आणलं. त्याने दुसरी केली. या वेळी गोंदियाहून फौजी हिरव्या रंगाचा डबा आणला, दाराला सुतळी बांधली, बॉनेटवर झाडाला घासल्याचा पोचा पाडला. श्यामलालने तीही उलटी करून पाहिली.

"कोन्या सेठची होय, उस्ताद?" तो म्हणाला. "नवीच दिसून राहिली."

नवीच. दुधराम त्या शब्दाशी दोन-तीन दिवस बसून राहिला. मग त्याला कळलं की आपण गाडी केली, पण ती रस्त्यावरून गेलीच नाही. त्याने तिसरी करायला घेतली, आणि पुरी झाल्यावर ती जुनी करायला घेतली.

जुनं करणं हे नवं करण्यापेक्षा फार मोठं काम निघालं. लोखंडाचा कीस आंबट ताकात घालून त्याने गंज तयार केला आणि कोंबडीच्या पिसाने दारांच्या कडांना भरला. धुराड्याजवळची बाजू काळी व्हावी म्हणून गाडी चुलीवर टांगली. वच्छलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, खाली भाताला फोडणी आणि वर मोटार असा संसार कुठे पाहिला नव्हता. पण तिने एवढंच विचारलं की गाडी शिजायला अजून किती वेळ आहे. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल थेंबथेंब इंजिनाखाली सोडून त्याने गळती केली. घाटातली तांबडी माती आणि जंगलातल्या वाटेवरची काळी माती वेगवेगळ्या पुडीत आणून वच्छलाच्या जुन्या लुगड्यातून गाळली. कारण साधी धूळ गाडीवर टाकली तर ती धूळ दिसत नव्हती, खडी दिसत होती. गाडी जर चोविसावा हिस्सा असेल तर धूळही चोविसाव्या हिश्श्याचीच हवी.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती गाडी त्याने पागोळ्यांखाली ठेवली. रोज संध्याकाळी जरा पुढे सरकवायची, म्हणजे पाणी एकाच जागी पडायचं नाही. एकदा कोंबडी ट्रेलरवर शिटली. खरी गाडी झाडाखाली उभी असायची, तिच्यावरही पाखरं शिटत. दुधरामने बराच विचार केला आणि ते पुसून टाकलं. त्या मापाची कोंबडी तालुक्यात नव्हती.

"लोक जुन्याले नवं करतेत," वच्छला चिखलाचे पाय धूत म्हणाली. "हे नव्याले जुनं करून राहिले. घरात मीच तेवढी फुकट जुनी होऊन राहिली."

दुधरामने तिच्याकडे पाहिलं आणि गंजाची वाटी जरा लांब ठेवली.

श्रावण संपत आला तेव्हा गाडी झाली होती. ती दारात ठेवली तर आत्ताच कुठून तरी येऊन थांबली आहे असं वाटे, आणि माणूस नकळत ड्रायव्हर कुठे गेला ते शोधू लागे. त्याच सुमाराला श्यामलालचा निरोप आला. त्याला भिलाईला काम मिळालं होतं. तिथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि ट्रक चालवणाऱ्यांना बोलावणं होतं. पोळ्याच्या दिवशी तो फाट्यावरून जाणार होता, बायकापोरांना घेऊन. त्यानंतर त्याला या रस्त्याने यायचं कारण उरणार नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुधराम दिवसभर टेकचंदकडे होता. सणाच्या आधी सगळ्यांच्याच सायकली पंक्चर होतात. वच्छला निंदणाला गेली होती. घरी दुधरामची आई, सुभद्राबाई, एकटीच होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो, तो गरम पाण्याने शेकतात, पळसाच्या पानाने हळद-लोणी लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. सुभद्राबाईच्या दारात आता बैल नव्हता. पण सण तिचा होता आणि दारात जे होतं ते उभं होतं. तिने पाणी तापवलं. रिठ्याचा फेस केला. गाडी ताडपत्री काढून घासली, ट्रेलर घासला, चाकं एकेक फिरवून आतून धुतली. घाटातली तांबडी माती गेली, जंगलातली काळी गेली, चुलीचा धूर गेला. मग तिने पुसून कोरडी केली, ट्रेलर जोडायच्या मागच्या हुकाला हळद-लोणी चोळलं आणि गाडीजवळ वाकून म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

दुधराम परत आला तेव्हा गाडी ओसरीवर वाळत होती. तो पायरीवर बसला. भांडी वाजली, एक भरलेली गाडी गेली, ती त्याने सांगितली नाही.

"माय, कायले धुतलं वो?"

"उद्या पोळा होय ना. मळका बैल तोरणाखाली कोनी नेते का?"

"हा बैल नाई होय."

"मालूम हाय मले. बैल असता तं लाथ मारली असती," सुभद्राबाई म्हणाली. "हे बिचारं उगाच उभं होतं."

वच्छलाने त्या रात्री काहीच टोमणा मारला नाही. त्यावरून किती नुकसान झालं आहे ते दुधरामला कळलं. एका रात्रीत चिखल फासता आला असता, पण तो फासलेला दिसला असता. सकाळी त्याने गाडी उचलून धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि श्यामलालला काही दाखवायचं नाही असं ठरवून टाकलं.

श्यामलाल दुपारी आला. ट्रक रस्त्याकडेला लावला. त्यात त्याची बायको, पोरं, दोन खाटा आणि एक पाटा-वरवंटा होता. तो सुभद्राबाईच्या पाया पडला, पुरणपोळी खाल्ली, भिलाईच्या पगाराबद्दल थोडं आणि रस्त्याबद्दल पुष्कळ बोलला. गाडीबद्दल त्याने विचारलं नाही, दुधरामने सांगितलं नाही. तो हात धुवायला उठला तेव्हा सुभद्राबाई आत गेली, कोठीमागून गाडी काढून आणली आणि तिच्यापुढे पुरणाचा घास ठेवला. आमंत्रण दिलं होतं.

श्यामलालने ओला हात धोतराला पुसला. गाडी उचलली. सवयीने उलटी केली. आणि तशीच धरून उभा राहिला.

दुधराम दुसरीकडे पाहत होता.

"उस्ताद," श्यामलाल म्हणाला, "हे तं आपली गाडी होय."

दुधरामने मान वळवली नाही. त्याने विचारलं, "कशावरून?"

"हुकाले हळद हाय."

मग ते सगळं निघालं. पोळ्याला सेठ दोन दिवस सुटी देई आणि ट्रक याच दारात उभा राही. ड्रायव्हर रात्रभर गाडी हाकून आलेला, सकाळी घोरत असे. पहिल्याच वर्षी सुभद्राबाई गरम पाणी घेऊन बाहेर आली होती. हे जनावर कुठून ओढतं, असं तिने श्यामलालला विचारलं होतं, आणि त्याने वाकून मागचा हुक दाखवला होता. तिथे ती दर वर्षी हळद-लोणी लावी. लोण्यावर रेती बसे, म्हणून श्यामलाल घासलेटने हुक घाशी. लोणी जाई, पण खाचेतली हळद वर्षभर निघत नसे. उस्तादाला हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्याबद्दल पहिली पुरणपोळी श्यामलालला मिळे.

ट्रेलर जोडणं हे क्लीनरचं काम. इतक्या वर्षांत दुधराम हुकाकडे एकदाही वाकला नव्हता. बाकाची रुंदी, दाराची सुतळी, आंधळा दिवा, खोकला, सगळं त्याने आतून ओळखलं होतं. गाडीला मागून पिवळी खूण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पहिल्या दोन्हीचा हुक कोरा होता," श्यामलाल म्हणाला. "मी म्हटलं, कोनाची तरी असंल."

दुधरामने आईकडे पाहिलं. ती श्यामलालच्या पोरांसाठी पुरणपोळ्या बांधत होती.

"मले काऊन नाई सांगितलं वो?"

"तू झोपला राहे," सुभद्राबाई म्हणाली.

श्यामलालची गाडी निघाली तेव्हा मांडणीवरची भांडी वाजली. अर्धी भरलेली, दुधराम म्हणाला, आणि पाटा-वरवंट्याचं वजन डाव्या अंगाला. वच्छलाने हो म्हटलं.

पुढच्या वर्षभरात त्याने त्या गाडीवर पुन्हा माती चढवली, धूर दिला, तेल सोडलं. हुकाला हात लावला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच ती बाहेर आणून ओसरीवर ठेवली, शेजारी रिठे ठेवले, आणि सुभद्राबाई चुलीवर पाणी तापवायला बसली आहे असं पाहून आत गेला. दिवस चांगलाच वर आला होता आणि त्याला झोप आलेली नव्हती. तरी तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि घोरू लागला.