पत्रं तिकडंच राहू दे

नातीच्या शिकवणीसाठी लातुरात खोली घेतली आणि तिला रांधून घालायला मी गेले. महिन्यातले आठ दिवस मी नांदेडला सुनेकडे असायची. मुलगा जहाजावर नोकरीला. त्याची पत्रं कॉम्प्युटरवर येत.

एका दुपारी सून खोलीवर आली. जुना कॉम्प्युटर जोडून म्हणाली, "आई, दोन तऱ्हा आहेत. पॉप लावलं तर पत्रं या डब्यात उतरतील आणि तिकडून निघून जातील. आयमॅप लावलं तर तिकडंच राहतील. तुम्ही इथून बघा, नाहीतर नांदेडहून."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"सर्व्हरवर. लांब कुठंतरी मोठं मशीन असतं."

"त्या घराचं छत कशाचं हाय?"

सून हसली. "सोयरीक जुळवायला आलात का, आई?"

"हस. तुझ्या माहेरचं माळवद पडलं न्हाई."

भूकंपानंतर आमच्याकडची माणसं कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघतात, मग बसतात. औशाकडच्या आमच्या घराचं मातीचं माळवद दगडी भिंतींसकट खाली आलं. मी नांदेडला होते म्हणून वाचले. आत लोखंडी पेटी होती, पेटीत नवऱ्याची पत्रं. तो मुदखेडला रेल्वेत होता, तिथून लिहायचा. मी चौथी पास. तीच पत्रं पुन्हा पुन्हा वाचून माझं वाचणं टिकलं. तो भूकंपाआधीच गेला होता. पत्रं नंतर गेली.

सून उत्तराची वाट बघत होती. भिंतीपलीकडे पोरी सूत्रं घोकत होत्या. त्या आवाजाने डोळा लागल्यासारखं झालं. ढिगाऱ्याखाली पेटी दिसली, कोरडी, झाकण लावलेली. आत त्याचं तिरकं अक्षर.

"घरात उतरवू नको," मी म्हणाले. "तिकडंच राहू दे."

"पण आई, इथून पुसलं तर तिकडूनही जाईल."

"पुसतंय कोण?"

पुढच्या आठवड्यात नांदेडला गेले. सुनेने तिथला कॉम्प्युटर उघडला. लातुरात अर्धं वाचून सोडलेलं मुलाचं पत्र तिथं होतं. मी उरलेलं वाचलं. समुद्र शांत आहे, जेवण बेचव आहे, एवढंच होतं.

नवऱ्याची पत्रंही तिकडंच आहेत, औशाकडे, मातीखाली. ती उघडायची सोय तेवढी कुणी केली नाही.