दहा दिवसांचा दूधभात

सासूबाई गेल्यापासून माझा हात उगीचच पोटरीवरच्या व्रणाकडे जातो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दवनीवाड्यात सासरी घरचा कुत्रा मला चावला. सासूबाईंनी जखमेत लाल तिखट भरलं. मी किंचाळले, तर म्हणाल्या, "कायले बोंबलून राहिली? विष उतरते!" डॉक्टरनं त्यांना झापलं, जखम साबणानं धुतली, सुई टोचली आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं; पिसाळलेला असेल तर तेवढ्यात खाणंपिणं सोडून मरेल.

मग सासूबाई रोज सकाळी त्या कुत्र्यापुढे दूधभात ठेवायच्या आणि तो संपेपर्यंत तिथंच बसायच्या. मला मेलीला "जेवलीस का" म्हणून विचारायच्या नाहीत. भारी राग यायचा. दहाव्या दिवशीही कुत्र्यानं ताट चाटून साफ केलं, तेव्हा त्या चुलीपाशी येऊन टेकल्या. म्हणाल्या, "वाढ वो बाई मले. दहा दिवस घास उतरून नाही राहिला."