न पडलेला कौल

आमच्या घरात काही मोठं ठरवायचं असलं की कुलदेवाला कौल लावतात. गुरव शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझं लग्न असंच ठरलं. विहिरीची जागाही अशीच ठरली. तिला पाणी लागलं नाही, पण तो विषय कोणी काढत नाही.

गेल्या वर्षी प्रश्न नातीचा होता. पुण्यात तिचं गणित शिकून झालं आणि पुढच्या पाच वर्षांसाठी चेन्नईहून बोलावणं आलं. येते की नाही, हे एका ठरल्या दिवशी चारच्या आत मोबाईलवरून कळवायचं होतं. माझा मुलगा म्हणाला, काका ठरवतील. त्याचे काका म्हणजे माझे धाकटे दीर. ते म्हणाले, देव ठरवील.

त्या दिवशी सकाळी नऊला पाकळ्या लावल्या. बारा वाजले तरी दोन्ही जागच्या जागी. गुरव जेवायला निघून गेला.

"पडंल, वहिनी. थांबायचं," दीर म्हणाले.

बसल्या बसल्या मी नातीला विचारलं, "तिकडं जाऊन शिकणार काय तू?"

"हेच," ती पाकळ्यांकडं बघत म्हणाली. "कॉम्प्युटरला घातलेली काही गणितं संपतात, काही कधीच संपत नाहीत. संपलं तर उत्तर मिळतं. पण चालू असलेलं गणित संपेल की नाही, हे दर वेळी सांगू शकेल अशी रीतच नाही. तसं सिद्ध झालंय."

"मग उपेग काय त्याचा?"

"त्यावरूनच कळतं, आजी, की नियम कितीही नीट बांधले तरी काही खऱ्या गोष्टी सिद्ध करता येत नाहीत."

मी चौथीपर्यंत शिकले. तरी समोर त्या पाकळ्या होत्या म्हणून असेल, मला ते अवघड गेलं नाही.

दीर म्हणाले, "कवा ना कवा पडतंच की."

"छापा येईपर्यंत रुपया उडवत बसलं, आजोबा, तर तो कधीच येणार नाही, असंही होऊ शकतं. पण त्याची शक्यता शून्य."

"व्हऊ शकतं आन शक्यता शून्य?" मी म्हटलं. "म्हंजे तुझा आजा तंबाखू सोडणार व्हता तसं."

दीरसुद्धा हसले. "मग पाकळी बी पडंलच."

"चारच्या आत पडेल असं कुठं म्हटलं मी?" ती म्हणाली.

सव्वातीन झाले. पोरगी सारखी मोबाईल बघत होती.

मी विचारलं, "भाऊजी, अजून किती थांबायचं?"

"ते कसं सांगावं?"

"मग चार वाजले की उत्तर 'नाही' झालंच. आन तसं देवबी बोलला न्हाई, आपणबी न्हाई."

मी नातीला म्हटलं, "लिही, येते म्हणून. मी सांगते." तिनं तिथंच देवळाच्या पायरीवर बसून कळवलं.

दीर मात्र बसून राहिले. दिवेलागणीला घरी आले तेव्हा मी चहा पुढं ठेवून विचारलं, "पडली?"

"न्हाई अजून."

सकाळी गुरवानं नेहमीसारखी देवाला आंघोळ घातली. पाण्याबरोबर दोन्ही पाकळ्या गेल्या. आधी कुठली गेली, ते त्यानं बघितलं नाही.