डावरी काकू
कोर्टच्या लाल मातीवर पाणी मारलं, की त्या वासाने मला आमच्या उमरठ गावची एक भातकापणी आठवते. व्यावसायिक टेनिस खेळायला लागल्यावर मातीच्या कोर्टवर एका डावऱ्याकडून सपशेल हरून मी घरी आलो होतो. त्याचा चेंडू फिरत उसळून दरवेळी माझ्या बॅकहँडला, थेट खांद्यापर्यंत यायचा; माझं काय चुकतंय तेच कळत नव्हतं. भात कापताना शेजारच्या डावऱ्या काकूच्या कोपराला माझं कोपर सारखं लागत होतं. वैतागून मी म्हणालो, "काकू, डावऱ्यांशी माझं जमतच नाय." ती हसली. "तुला एकच डावरा भेटला, तर एवढा गोंधळलास. मला जन्मभर सगळी उजवीच भेटली रे." तिच्या हातातला विळासुद्धा उजव्यांसाठीच घडवलेला होता. आजही समोर डावरा आला, की सर्व्हिस घेताना मी क्षणभर अडखळतो: उलटा नक्की कोण, तो की मी?