पहिला पाय

पावसाळा सरला की कोपरीच्या मिठागरात वाफ्यांचा तळ तुडवायचं काम निघे. बायाबापये शेजारी शेजारी रांग धरत आणि ओला चिखल एका ठेक्यात पायांनी घट्ट करत. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते. रांगेचा पहिला पाय काळुरामचा. तो पडला की बाकीचे पडत. ठाण्यात आगगाडी आली, साहेबलोक तिच्यावर घड्याळं लावू लागले. मिठागर मात्र काळुरामच्या पायावरच चालत राहिलं.

त्या वर्षी तुडवता तुडवता त्याची बायको ठमाबाई त्याच्या पायाकडेच बघू लागली. नवऱ्याचा उजवा पाय उचलला की जरासा हवेत थांबत होता. दमलेला पाय ओढत येतो, हे तिला ठाऊक होतं. हा पाय कुठं पडायचं ते विसरल्यासारखा थांबत होता. असाच पाय तिने सासऱ्याचा पाहिला होता. तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. पुढं ऐन मीठ पिकलेलं असताना म्हाताऱ्याने उधाणाच्या भरतीला उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर केली आणि खाडीचं पाणी वाफ्यांत घेतलं. सगळ्यांचं मीठ विरघळलं. मरेपर्यंत गाव त्याच्याशी बोललं नाही, आणि का बोलत नाही ते त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही.

आता ती उघाडी काळुरामकडे होती.

"यंदा उघाडी भावजींकडं द्या," ठमाबाई चारचौघांत म्हणाली.

तिचा धाकटा दीर विश्राम हसला. "काय वयनी! दादाला सगलं ध्यानात हाय."

नौपाड्यातल्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली, तिथी विचारली, नातवंडांची नावं विचारली. काळुरामने धडाधडा सांगितलं, वर वैद्यबुवांच्या आजोबांचंही नाव सांगितलं. "ठणठणीत आहे," बुवा म्हणाले. पायाची चौकशी कोण करतो!

काळुरामने बायकोशी अबोला धरला. नवऱ्याला खुळा ठरवते, असं गावभर झालं. ठमाबाईला ते फार लागलं, ती एकटीच रडलीसुद्धा. पण शब्द काही तिने मागे घेतला नाही.

शेवटच्या वाफ्यात रांग बांधापाशी पोचली आणि परतण्यासाठी वळली. समोर चिखलात सगळ्यांची पावलं उमटलेली होती. ठमाबाईची सारख्या अंतरावर. तिच्या शेजारची काळुरामची कुठं जवळ, कुठं लांब. तो बघतच राहिला. चिखल त्याला फसवणार नव्हता.

"ठमे, माजा पाय चुकतं काय गो?"

नाही म्हणणं सोपं होतं. रांगेतला जो तो तेच ऐकायला उभा होता.

"हां," ती म्हणाली. "चुकतंय."

काळुरामने मान हलवली. "विश्राम, उघाडी तू बघ." मग त्याने बायकोला रांगेच्या टोकाला, आपल्या जागी सरकवलं आणि आपण तिच्या जागी उभा राहिला. "टाक पाय."

ठमाबाईने पाय टाकला. त्याचा जरा उशिरा पडला. तेवढा वेळ ती थांबली, आणि तिच्याबरोबर सगळी रांग थांबली.